२६ जुलैचे कागद

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरात एकाच आकड्याला किंमत असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे, एवढंच सकाळी उठल्यावर विचारायचं. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोका पातळी, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आणि कुठल्या गावाचा रस्ता पाण्याखाली गेला हे कळलं, की मग माणूस चहाला बसतो. अशा दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका कोपऱ्यात ‘दिनविशेष’ नावाची चौकट मुकाट पडून असते. तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. मला असते. धो धो पावसात घरात बसून करण्यासारखी कामं मुळात कमी, आणि त्यांतली बरीचशी घरचे लोक सांगतात. दिनविशेष वाचण्याचं काम तेवढं कुणी न सांगता अंगावर घेतलेलं.

दिनविशेष मराठी माणसाला शाळेतच चिकटतो. फळ्याच्या कोपऱ्यात वार, तिथी, पट, हजर, सुविचार आणि त्याखाली दिनविशेष. वर्गात ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडे हे खातं कायमचं सोपवलेलं असे, आणि परिपाठाला तो दिनविशेष खणखणीत आवाजात वाचला जाई. कोण कधी जन्मलं आणि कोण कधी वारलं, यात आपल्या पोटाशी संबंधित काही नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. तरी ऐकताना बरं वाटे. घरी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर याचीच दुसरी आवृत्ती चालू असते. संकष्टी आणि एकादशीच्या खाली पेन्सिलीनं ‘गॅस लावला’, ‘दूध दीड’, ‘बाई आल्या नाहीत’. इतिहासाची साधनं म्हणून हीही काही कमी भरवशाची नाहीत. गॅस कधी लावला याबद्दल इतिहासकारांत दुमत झाल्याचं ऐकिवात नाही.

दिनविशेषाचा मला आवडणारा गुण म्हणजे त्याला तारतम्य नसतं. तारखेनं मांडलेल्या पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसेल याचा नेम नाही. २६ जुलैचंच पान बघा. १८५६ साली जन्मलेले बर्नार्ड शॉ पहिल्या पाटावर. त्यांच्याशेजारी १८९४ सालचे ऑल्डस हक्सली. मग १९४५ साली निवडणूक हरल्याचं कळून राजीनामा द्यायला निघालेले चर्चिल. त्यांच्या मांडीला मांडी लावून १९५३ साली क्यूबातल्या लष्करी बराकीवर चाल करून गेलेला तरुण कॅस्ट्रो. पलीकडे १९५६ साली सुएझ कालवा देशाच्या मालकीचा करून टाकणारे नासर; ते आणि चर्चिल एकमेकांना मीठसुद्धा वाढणार नाहीत. पुढं १९९९ सालचा कारगिल विजय दिन, आणि शेवटी २००५ सालची मुंबई, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झेलून ओलीचिंब झालेली. एरवी यांतल्या कुणी कुणाला दारात उभं केलं नसतं.

हा नाद अमेरिकनांनाही आहे. त्यांचा सगळ्यात लाडका योगायोग ४ जुलैचा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ च्या ४ जुलैचा. त्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, १८२६ च्या ४ जुलैला, जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष काही तासांच्या अंतरानं गेले. पुढं १८३१ साली जेम्स मन्रो यांनीही जायला हीच तारीख धरली. आपल्याकडं असं झालं असतं तर तिघांची मिळून एक समाधी आणि तीन ट्रस्ट झाले असते.

पण ४ जुलैचं कौतुक करायला सगळं जग आहे. मी २६ जुलै धरली, कारण ती कोल्हापूरची तारीख. १९०२ साली त्या दिवशी इथं काय झालं ते पुढं सांगतो. आपली तारीख म्हटल्यावर त्याच दिवशी अमेरिकेत काय काय झालंय हे बघणं ओघानंच आलं. कोल्हापूरचा माणूस कुठल्याही गोष्टीत जगाशी बरोबरी करून बघितल्याशिवाय राहत नाही, आणि निकाल आपल्या बाजूनं लागेपर्यंत थांबत नाही.

हे सगळं मी ज्यांना वाचून दाखवतो ते आमच्या पेठेतले एक काका. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून नोकरी झाली. आता कट्ट्यावर असतात आणि पाऊस लागला की आमच्या पडवीत. इतिहासाकडं बघायची त्यांची एकच कसोटी आहे: “कागद हाय काय?” कुणी तलवारीच्या, घोड्याच्या, गनिमाच्या गोष्टी सांगायला लागला की ते आदरानं ऐकून घेतात. पण एखाद्या गोष्टीला जावक क्रमांक आहे असं कळलं, की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं.

अमेरिकेचा २६ जुलै त्यांना पहिल्याच नोंदीपासून पटला. १७७५ साली या तारखेला तिथल्या वसाहतींच्या काँग्रेसनं टपालखातं उभं केलं आणि बेंजामिन फ्रँकलिन यांना पहिले पोस्टमास्टर जनरल नेमलं. फ्रँकलिन यांना आदल्याच वर्षी इंग्रज सरकारनं टपालाच्याच नोकरीतून काढून टाकलं होतं. म्हणजे अनुभवी माणूस, तोही मोकळा.

“थांब जरा,” काका म्हणाले. “स्वातंत्र्याचा जाहीरनामा कधीचा म्हणालास?”

“१७७६, काका.”

“म्हंजे देश व्हायच्या आधी पोस्ट?”

“जवळजवळ वर्षभर आधी.”

“बरोबर हाय की. कागद पोचायची सोय नसंल तर देश करून काय उपयोग?”

दुसरी नोंद १७८८ ची. त्या दिवशी न्यू यॉर्कनं अमेरिकेच्या राज्यघटनेला मान्यता दिली, ३० विरुद्ध २७ मतांनी. खरं तर घटना लागू व्हायला नऊ राज्यांची मान्यता पुरेशी होती आणि तोवर दहांनी ती दिली होती. न्यू यॉर्क अकरावं. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत हे अजून ‘येऊ की नको’ करत होते. पण कोल्हापूरकराला तीन मतांचा फरक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. इथं दूध संघापासून साखर कारखान्यापर्यंत माणसं त्यावरच वाढलेली. काका सावरून बसले.

“मतदान कुठं झालं?”

“पकीप्सी म्हणून गाव आहे. हडसन नदीच्या काठाला.”

“बघ! न्यू यॉर्कात न्हाईच. ठरावधारक गावाबाहेरच नेऊन ठेवले हुते.”

तिसरी नोंद १९०८ ची. अमेरिकेचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल चार्ल्स बोनापार्ट. हे आडनाव योगायोगाचं नाही. नेपोलियनच्या भावाचे ते नातू. आजोबांच्या भावानं युरोप पायाखाली घातला, आणि नातवानं काय केलं, तर खात्यातल्या नव्या तपासनिसांनी यापुढं अमुक अधिकाऱ्याकडं हजेरी द्यावी असा एक कार्यालयीन आदेश काढला. माणसं सगळी मिळून ३४. आज ज्या एफबीआयच्या नावावर सिनेमे निघतात, ती संस्था आपला वाढदिवस या आदेशावरून मोजते. वार बघितला तर रविवार. याच आठवड्यात टिळकांना झालेल्या सहा वर्षांच्या शिक्षेसाठी मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला होता. काकांना संप ठाऊक होता. रविवार नवीन होता.

“रविवारी कचेरीत येऊन आदेश काढणारा माणूस एक तर लई कामाचा,” काका म्हणाले, “न्हाईतर घरात भांडून आलेला.”

एव्हाना माझ्या लक्षात आलं की अमेरिकेच्या या तारखेला तोफ कुठं वाजतच नाही. टपालाचा ठराव, घटनेची मान्यता, हजेरीचा आदेश. सगळे कागद. पुढच्या नोंदी तर याच जातीच्या. २६ जुलै हा, म्हणायचं तर, कारकुनांचा दिवस.

त्यांतला सगळ्यात मोठा कारकून हॅरी ट्रुमन. १९४७ च्या २६ जुलैला, शनिवारी, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन वॉशिंग्टनच्या विमानतळावर ‘सेक्रेड काऊ’ नावाच्या आपल्या विमानात बसून होते. मिझुरी राज्यातल्या गावी ९४ वर्षांची आई अत्यवस्थ होती आणि त्यांना निघायचं होतं. पण राष्ट्रीय सुरक्षेचा कायदा सहीसाठी यायचा राहिला होता. सीआयए, राष्ट्रीय सुरक्षा परिषद, स्वतंत्र हवाई दल हे सगळं ज्यातून निघालं तो हा कायदा. कागद आला, विमानातच सही झाली, मग विमान उडालं. आई गेल्याचं त्यांना वाटेतच कळलं.

“फाईल सायबाच्या मागं पळाली म्हण की,” काका आधी म्हणाले. “आमच्याकडं जीपच्या बॉनेटवर व्हायच्या सह्या.” मग पुढचं ऐकल्यावर गप्प झाले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, “पण सही हुईपर्यंत थांबला बिचारा.”

ही आई साधीसुधी नव्हती. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिच्या लहानपणी उत्तरेच्या फौजांनी त्यांच्या घराची धूळधाण केली होती, आणि तो राग तिनं जन्मभर जपला. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर व्हाइट हाऊसमध्ये राहायला आली तेव्हा, लिंकनच्या पलंगावर झोपण्यापेक्षा मी जमिनीवर झोपेन, असं तिनं ठणकावल्याचा किस्सा सांगतात. गुलामी संपवणाऱ्या माणसाच्या गादीलाही जिनं पाठ लावली नसती, तिच्या पोटी ट्रुमन. आणि आता १९४८ चं २६ जुलैचं पान काढा. आईला जाऊन तारखेनं बरोबर वर्ष झालं त्या दिवशी मुलानं दोन आदेशांवर सह्या केल्या. एकात सरकारी नोकऱ्यांत वंशावरून भेदभाव नको असं म्हटलं. दुसरा ९९८१ क्रमांकाचा: सैन्यात वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून फरक न करता सगळ्यांना समान वागणूक आणि समान संधी मिळाली पाहिजे. तोवर अमेरिकेचं सैन्य काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या ठेवत होतं. हिटलरच्या वंशवादाशी लढायला गेलेलं सैन्य स्वतःची भांडी वेगळी ठेवून गेलं होतं.

आईच्या वर्षश्राद्धाचा आणि या सह्यांचा काही संबंध ट्रुमन यांच्या मनात होता असं म्हणायला माझ्याकडं कागद नाही, आणि कागद नसेल तर काका बोलू देत नाहीत. शिवाय तिथीनं धरलं असतं तर वर्षश्राद्धाचा दिवस सरकलाच असता. आपलं हे एक बरं असतं: तारीख जुळली नाही तर तिथी जुळवता येते, आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर जयंती दोनदा करता येते. शिवजयंतीच्या बाबतीत आपण ते करून दाखवलंय.

त्याच दिवशी ट्रुमन यांनी संसदेचं खास अधिवेशनही बोलावलं होतं, आणि त्याचा मुहूर्त चक्क सलगमाच्या पेरणीवरून काढला होता. मिझुरीतल्या शेतकऱ्यांत म्हण होती की २५ जुलैला ओल असो वा नसो, सलगम पेरून टाकावा. १९४८ ची २५ तारीख रविवारी आली म्हणून अधिवेशन सोमवारी, २६ ला. हे ऐकून मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. आपल्याकडं याच दिवसांत सूर्य पुष्य नक्षत्रात असतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या पट्ट्यात बाया-माणसं पोटऱ्याएवढ्या चिखलात भाताची रोपं लावत असतात. डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचं खोळ, आणि वरून म्हातारा काही थांबायचं नाव घेत नाही. तिकडं ट्रुमन विरोधकांना सलगम पेरायला बोलावत होते. पीक काही फारसं आलं नाही. अधिवेशनात ठोस असं थोडंच झालं. पण नोव्हेंबरची निवडणूक, सगळ्यांनी हरणार म्हणून सांगितलेली, ट्रुमन जिंकले.

आता आपला कागद.

१९०२ च्या उन्हाळ्यात छत्रपती शाहू महाराज लंडनमध्ये होते. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ठरला होता २६ जूनला. आज आपण महाराजांची जन्मतारीख म्हणून जी पाळतो ती २६ जून १८७४. म्हणजे हिशेबानं त्या दिवशी महाराज २८ वर्षांचे झाले. काही जुन्या पुस्तकांत हीच जन्मतारीख २६ जुलै छापलेली आढळते, आणि बरीच वर्षं तो घोळ चालला. आता २६ जून हा सामाजिक न्याय दिन ठरल्यामुळं २६ जुलैला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलंय, आणि ते तिला जमण्यासारखं आहे. तर, अभिषेकाच्या दोन दिवस आधी एडवर्डचं अपेंडिक्स बंड करून उठलं, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सगळा सोहळा ९ ऑगस्टवर गेला. जगभरचे राजेरजवाडे पोशाख चढवून खोळंबले. बादशहाचा मुहूर्त असा पुढं ढकलला जात होता, त्या मधल्या दिवसांत, २६ जुलैला, वार शनिवार, इकडं करवीर गॅझेटात एक छोटा आदेश छापून आला.

आदेश सांगत होता की या तारखेपासून संस्थानच्या नोकरीत ज्या जागा मोकळ्या होतील त्यांतल्या ५० टक्के मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्याव्यात. ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातलीच व्हावी. आणि सगळ्या खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी केलेल्या नेमणुकांचा तक्ता सादर करावा. भारतातला या प्रकारचा पहिला आदेश म्हणून तो ओळखला जातो. त्याची गरज का पडली हे कळायला एक आकडा पुरे: १८९४ साली महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागा एकाच जातीच्या हातात होत्या.

मी हे वाचून दाखवताना मला वाटत होतं, काका ५० टक्क्यांपाशी थांबतील. सगळे तिथंच थांबतात. भाषणं तिथंच होतात. काका थांबले तक्त्यापाशी.

“परत वाच ते.”

मी परत वाचलं.

“दर तीन महिन्यानं?”

“हो.”

“खातेप्रमुखानं?”

“हो, काका.”

“मग ह्यो खरा आदेश,” काका म्हणाले. “आदेश काय, कुणीबी काढतंय. तक्ता मागवला की समजायचं, सायबाला खरंच पायजे.”

मला हे आधी सुचलं नव्हतं, पण एकदा ऐकल्यावर सगळी तारीखच वेगळी दिसायला लागली. ५० टक्के ही इच्छा. तक्ता हा बंदोबस्त. २८ वर्षांच्या राजाला आपली कचेरी चांगली माहीत होती. उमेदवार लायक मिळत नाहीत, पुढच्या वेळी बघू, जागाच मोकळी झाली नाही ही उत्तरं त्याच्या टेबलावर येणार हे त्यानं आधीच ओळखलं असावं. ‘उमेदवार मिळत नाहीत’ याचाही बंदोबस्त त्यानं चालवलाच होता. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडलं होतं, आणि पुढं एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. दसरा चौकात आजही त्यांच्या इमारती जवळजवळ उभ्या आहेत. खेड्यातलं पोरगं कोल्हापुरात आलं, राहायला जागा मिळाली, शिकलं, की तक्त्यातला रकाना भरायला माणूस तयार.

ट्रुमन यांच्या आदेशालाही शेपूट होतं: अंमलबजावणी बघायला सात जणांची समिती. आणि ती लागलीच. सही १९४८ ची. पण अमेरिकेच्या सैन्यातली काळ्यांची शेवटची वेगळी पलटण मोडली ती १९५४ साली, मधलं कोरियाचं युद्ध होऊन गेल्यावर. दिनविशेषात ही सहा वर्षं दिसत नाहीत. तिथं एक तारीख असते आणि वाचणाऱ्याला वाटतं, सोमवारी सही झाली आणि मंगळवारी सगळे एका तंबूत झोपले.

या तारखेचा अमेरिकेतला आणखी एक कागद १९९० चा. २६ जुलैला जॉर्ज बुश, म्हणजे थोरले, यांनी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी मार्चमध्ये या कायद्यासाठी झगडणारी माणसं आपल्या चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढली होती. त्यांत एक आठ वर्षांची मुलगीही होती. मग कायदा झाला, आणि कायद्याच्या मागून तपशिलांचं बाड आलं. त्यात उताराचं माप दिलंय: एक फूट चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प. न्याय किती अंशांत कललेला असावा, हे कुणीतरी मोजपट्टी लावून ठरवलं.

आपल्याकडंही असे कायदे आहेत, १९९५ चा आणि त्याच्या जागी आलेला २०१६ चा. त्यामुळं रॅम्प झालेत. मी एका कचेरीच्या दारातला बघितलाय. चढ असा की चाकाची खुर्ची वर न्यायला दोन पैलवान लागावेत. कोल्हापुरात दोन पैलवान मिळतात हा भाग वेगळा. वर पोचल्यावर दारात कुंडी, आणि कुंडीला टेकवलेली एक स्कूटर. उताराच्या बाजूला सुबक अक्षरांत पाटी होती आणि उद्घाटनाची तारीखही होती. माप कुठं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, शाहूंचा १९०२ चा, ट्रुमन यांचा १९४८ चा आणि बुश यांचा १९९० चा, तिन्ही न्यायाचे कागद एकाच तारखेला, यात काहीतरी संकेत असला पाहिजे. पेठेत ही बातमी पसरली तेव्हा एकानं लगेच हिशेब मांडला: “४६ वर्षं आधी! ट्रुमननं गॅझेट वाचलं असणार.” मी काही बोललो नाही. जगात भारी असण्याच्या आड येणं बरं नव्हे. पण खरं सांगायचं तर तारखेच्या मनात काही नसतं. वर्षाला दिवस ३६५ आणि जगात कागद अगणित. कुठली तारीख धरली तरी चार चांगल्या सह्या सापडतीलच, आणि चार वाईटही.

खरे धागे वेगळ्या पानांवर असतात आणि त्यांना एक तारीख लाभत नाही. १८५२ साली रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं चर्च अजून शहरात आहे. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेत गुलामांना दास्यातून मोकळं करणाऱ्या भल्या लोकांना. पुण्यात बसून मिसिसिपीच्या शेतातलं दुःख त्यांना आपलं वाटलं. त्या फुल्यांचा सत्यशोधक विचार शाहू महाराजांनी कोल्हापुरात आधार देऊन वाढवला. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९२० च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराज त्यांच्या व्यासपीठावर होते. ‘मूकनायक’ला महाराजांनीच मदत केली होती. अमेरिका आणि कोल्हापूर यांच्यात काही असेल तर ते या वाटेनं आलेलं आहे. यांतलं एकही २६ जुलैला घडलं नाही. दिनविशेषाच्या चौकटीत या गोष्टी एकत्र यायच्या नाहीत. त्यांच्यासाठी कॅलेंडरची पानं मागंपुढं उलटावी लागतात.

तरी मी या चौकटीवर रुसलेलो नाही. शाहू आणि ट्रुमन शेजारी बसले म्हणून तर दोघांचे कागद मी एकापाठोपाठ वाचले, आणि दोघांनाही सहीनंतरच्या दिवसांची काळजी होती हे दिसलं. माझी तक्रार एवढीच की दिनविशेषात सही येते, तक्ता येत नाही. १९०२ च्या आदेशापासून तीन महिने मोजले तर २६ ऑक्टोबर येतो. कुठलंतरी एखादं खातं त्या सुमाराला पहिला तक्ता घेऊन बसलं असेल. रकाने आखले असतील, आणि कुणीतरी खातेप्रमुख पेन कानाला लावून ‘नेमणुका: निरंक’ लिहावं की काहीतरी भरावं, या विचारात पडला असेल. तो दिवस माझ्या लेखी २६ जुलैइतकाच मोठा आहे. मी काकांना म्हटलं, २६ ऑक्टोबरलासुद्धा दिनविशेषात जागा दिली पाहिजे.

काकांना ही सूचना तत्त्वतः मान्य झाली. फक्त त्यांना पुढचं हवं होतं.

“आणि तक्ता आला न्हाई तर?”

“मग स्मरणपत्र पाठवायचं.”

“त्याचंबी उत्तर न्हाई आलं तर?”

“दुसरं स्मरणपत्र.”

“आणि मग?”

“मग साहेबांच्या सहीनं अर्धशासकीय पत्र.”

“आत्ता,” काका म्हणाले, “आत्ता तुला इतिहास कळाय लागला.”